क्रोमस्पिनेलची साक्ष
सायप्रसचा त्रूदोस डोंगर म्हणजे महासागरी कटकावर घडून पुढे वर आलेला सागरतळ, हे मत मूर्स व व्हाइन यांनी १९७१ साली दृढ केले. दोनच वर्षांनी मियाशिरो यांनी लाव्ह्यांच्या रसायनावरून तो द्वीपचापाचा ठरविला आणि वाद माजला. परंतु सागरजलाने पालटलेल्या लाव्ह्यांवर विसंबावे किती? खालच्या पेरिडोटाइटातील ऑलिव्हिनही सर्पेंटाइन होऊन जाते. बहुधा टिकतो तो क्रोमस्पिनेलचा काळा कण. अर्व्हिन यांनी १९६५ सालीच त्याचे मोल ओळखले होते. प्रावरण जितके अधिक वितळते, तितके ॲल्युमिनियम निघून जाऊन कणातील क्रोमियमचा वाटा चढतो. १९८४ साली डिक व बुलन यांनी दाखविले की, गहन सागरतळावरील पेरिडोटाइटांत या दोहोंच्या अणूंपैकी क्रोमियम ६० टक्क्यांच्या वर जात नाही. त्या रेषेपलीकडील खडकास आम्ही कटकाचा म्हणणार नाही; रेषेच्या आत मात्र दोन्हीकडचे खडक येतात, आणि तेथे एकट्या या कणावरून निकाल देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.