शिक्का आणि आवाज



दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला साम्यवादाच्या भीतीने पछाडले. कृष्णवर्णीयांसाठी समान हक्क मागणारे गायक पॉल रोबसन यांच्यावर साम्यवादी म्हणून शिक्का बसला व १९५० साली त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. तो १९५८ मध्ये परत मिळाला. मध्यंतरी, १९५४ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. शिक्क्याने माणूस अडला, मागणी अडली नाही.

आपल्याकडेही असेच घडले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांनी १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. कामगार-शेतकऱ्यांचे दुःख ते डफावर मांडीत. स्वातंत्र्यानंतरच्या साम्यवादविरोधी वातावरणात पथक विखुरले. परंतु १९५६ पासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदाने गाजविली. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या त्या राज्यातच आपले कुंभार पिंपळगाव आहे.

एकदा शिक्का बसला की माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, हे आपणांस सांगावयास नको. म्हणून आपण तरी आधी ऐकावे, वाचावे, पारखावे आणि मगच मत बनवावे. शिक्षणाचे खरे फळ ते हेच.