शाळेचा पैसा कोणाचा?

गावच्या पारावर बसलेल्या मंडळींना सहज विचारून पाहा, "आपली शाळा कोणाच्या पैशावर चालते?" बहुतेक जण सांगतील, "सरकारच्या." एखादा जाणता गृहस्थ म्हणेल, "जिल्हा परिषदेच्या." उत्तर चूक आहे असे नाही, पण ते अर्धे आहे. सरकारकडे पैसा येतो कोठून, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि तो विचारला नाही, की गरिबाच्या मुलाला फी माफ झाली म्हणजे त्याच्यावर कोणी तरी उपकार केले, असे सगळ्यांनाच वाटू लागते. देणाऱ्याला वाटते आणि घेणाऱ्यालाही वाटते. आज तुमच्यापुढे मी मांडणार आहे तो या एका प्रश्नाचाच इतिहास.

त्यासाठी दीडशे वर्षे मागे जायला हवे. त्या काळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर एक जादा पट्टी बसली. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा. १८६९ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. लोक तिला 'लोकल फंड' म्हणत. या पट्टीचा तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांसाठी, अशी वाटणी होती. आता तुम्हीच हिशेब करा. ज्या शेतकऱ्याचा सारा बारा रुपये, त्याने लोकल फंडापोटी बारा आणे भरायचे. त्यांतले चार आणे शिक्षणाचे. पीक येवो न येवो, पोर शाळेत जावो न जावो, चार आणे द्यायचेच. मूल शाळेत घातलेच, तर वर फी वेगळी.

म्हणजे गंमत पाहा. शाळेसाठी पैसा देणारा शेतकरी होता, आणि त्याच्याच गावी बहुधा शाळा नसे. असली तर त्याचे पोर गुरांमागे असे. वरच्या शाळांवर आणि कॉलेजांवर सरकारी तिजोरीतून जो खर्च होई, त्याचा लाभ शहरांतल्या थोड्या घरांना मिळे. हे चुकते आहे असे ज्यांना वाटले ते काही थोडे लोक नव्हते. पण सरकारपुढे उभे राहून, हिशेब मांडून ते ठामपणे सांगणारा एक माणूस निघाला. तो म्हणजे जोतीराव फुले.

१८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण आयोग नेमला. त्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे निवेदन दिले. १८४८ साली सावित्रीबाईंसह पुण्यात मुलींची शाळा काढल्यापासूनचा चौतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारचा बराचसा वसूल रयतेच्या घामातून येतो. मग त्यातला वाजवी भाग रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर का खर्च होऊ नये? वरच्या वर्गांना शिकवले म्हणजे ते शिक्षण आपोआप खाली झिरपेल, ही समजूत फोल आहे. प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करा.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. जोतीराव सरकारजवळ दान मागत नव्हते. तुम्ही आमच्याकडून घेतलेले आमच्या मुलांवर खर्च करा, एवढेच त्यांचे मागणे होते. भीक मागणारा हात आणि हिशेब मागणारा हात, दोन्ही पुढेच येतात, पण त्यांत फार अंतर आहे.

त्याच निवेदनात शिक्षकांविषयीही त्यांनी लिहिले आहे, ते गुरुजनांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. शिक्षक शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले असावेत, त्यांचा पगार पोटाला पुरेल इतका असावा, आणि होता होईल तो ते शेतकऱ्यांच्या समाजातूनच यावेत. रयतेत मिळून मिसळून राहणारे, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारे शिक्षक त्यांना हवे होते. घरच्या अडचणी ज्याला समजतात तोच मूल शाळेत टिकवू शकतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आयोगाने मात्र फीही काढली नाही आणि सक्तीही मानली नाही.

यानंतर पहिले पाऊल पडले ते ब्रिटिश मुलखात नव्हे, एका संस्थानात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. लोकांना शिक्षण नकोच आहे, खर्च झेपणार नाही, ही जी नेहमीची कारणे पुढे केली जात, त्यांना बडोद्याने कृतीने उत्तर दिले.

त्याच बडोद्याचा दाखला देत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदे मंडळात आपले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फार जपून लिहिलेले होते. सक्ती एकदम सगळीकडे नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला ती हवी असेल तिने सरकारच्या संमतीने करावी. खर्चाचे तीन भाग धरले तर दोन सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम असे, की ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये. आज शाळेत उत्पन्नाचा दाखला मागतात ना? उत्पन्न पाहून फी सोडायची, हा विचार असा एकशे दहा वर्षांपूर्वी कायद्याच्या मसुद्यात लिहिला गेला होता.

पण मसुद्याचा कायदा झाला नाही. मार्च १९१२ मध्ये अडतीस विरुद्ध तेरा मतांनी विधेयक पडले. सरकारला खर्चाची भीती होती. बड्या जमीनदारांना, पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण, ही काळजी होती. आपल्या देशाचेही कितीतरी सभासद विरोधात उभे राहिले, हे कबूल केले पाहिजे. गरिबाच्या शाळेला आडवे जाणारे सगळेच काही साता समुद्रापलीकडून आलेले नव्हते.

गोखले १९१५ साली वारले. पुढे दोनच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते काम करून दाखवले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. महाराजांचा हात नुसता फीवर थांबला नाही, हे अधिक मोलाचे. १९०१ पासूनच त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्याला चालना दिली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा मिळाली, तरी त्याने रात्री निजावे कोठे आणि जेवावे कोणाच्या घरी, हा प्रश्न त्यांना दिसला होता. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला. खेड्यांना त्याचा उपयोग नव्हता.

निजावे कोठे, जेवावे काय, हाच प्रश्न साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी हाती घेतला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग निघाले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि आपल्या शिक्षणापुरते कष्ट स्वतः करीत. 'कमवा आणि शिका' हे शब्द तिथूनच महाराष्ट्राच्या तोंडी बसले. गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा होई. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे सारे थोर होते. परंतु मला नेहमी वाटते, की एखाद्या माउलीला दागिने मोडावे लागतात तेव्हा तिला आपण नमस्कार करावा हे खरे, पण त्याच वेळी सरकारी तिजोरी काय करीत होती हेही विचारावे.

स्वातंत्र्य आले. १९५० च्या घटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगितले. प्राथमिक शाळांची फी सुटत गेली, पण पुढच्या हायस्कुलाची फी तशीच होती. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, तेव्हाच्या मुंबई राज्याने जातीकडे न पाहता, ज्या घरचे वार्षिक उत्पन्न नऊशे रुपयांच्या आत आहे त्या घरच्या मुलांना फीची माफी दिली. पुढे ही मर्यादा बाराशेवर गेली. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव या सवलतीशी जोडलेले आहे. 'ई. बी. सी.' ही तीन अक्षरे तेव्हापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरोघर माहीत झाली.

माझ्या घरातही ती अशीच आली. माझे वडील आठवीत गेले ते ई. बी. सी.च्या अर्जावर. आजोबांना आम्ही तात्या म्हणत असू. वडील सांगायचे, अर्ज पुढे आला तेव्हा तात्यांनी अंगठा द्यायला साफ नकार दिला. "आमचं जे काय आहे ते आहे, पण गरीब म्हणून कागदावर लिहून देणार न्हाई," म्हणाले. तेव्हा हेडमास्तर स्वतः घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तात्या, सारा भरता की नाही? बाजारातनं काडीपेटी आणता, तिच्यावर कर देता की नाही? मग हे तुमचंच तुमच्याकडं येतंय. ह्यात लाजायचं काय?" तात्या बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी अंगठा पुढे केला. त्या मास्तरांनी जोतीरावांचे निवेदन वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण सांगितले ते तेच.

याच घरातली दुसरी गोष्ट सांगतो. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, चौथीतून घरी बसली. तिच्या शाळेला फी नव्हतीच. माफ करायला काही शिल्लकच नव्हते. पण म्हैस होती, पाळण्यातले पोर होते, आई रोजाने जायची. आत्या आजही हिशेब तोंडी करते आणि सही मात्र थांबत थांबत करते. तिच्यासाठी कोणता अर्ज कोणी भरायचा होता?

म्हणून सांगतो, फी हे शाळेचे बाहेरचे दार आहे. ते उघडले तरी आत आणखी दारे असतात. मुलाच्या भाकरीचे, वहीपुस्तकांचे, वाटेचे आणि त्याच्या बुडणाऱ्या मजुरीचे. ही दारे ओळखायला आपल्याला फार वर्षे लागली. १९९२ साली महाराष्ट्राने दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलींना हजेरीच्या दर दिवसामागे एक रुपया देण्याची योजना काढली. १९९५ साली देशभर शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ताटात शिजवलेले अन्न पडू लागले. २००२ साली घटनेत बदल होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांनीही पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांना द्याव्यात आणि तो खर्च सरकारने भरून द्यावा, असे त्याने ठरवले. सरकारचा परतावा वेळेवर येत नाही, अशी शाळांची तक्रार असते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे हंटर आयोगापुढे निघालेला वाद अजून मिटलेला नाही. पैसा कोणी द्यायचा, कोणाच्या पोरासाठी द्यायचा, यावर आजही घासाघीस चालूच आहे.

वाचकहो, इतिहास वाचून आपण करायचे काय? पालकांना माझे सांगणे एवढेच, की मुलाच्या हक्काचा अर्ज भरताना मान खाली घालू नका. शेतसारा असो, काडीपेटी असो की मिठाईचा पुडा, कर तुम्ही आयुष्यभर देत आला आहात. आणि गुरुजनहो, तुमच्या हाती हजेरीपट असतो. वर्गात सवलतीच्या मुलांची नावे मोठ्याने वाचून त्यांना उभे करू नका. ते काम एकेकाला जवळ बोलावूनही होते. आणि ज्या मुलीच्या नावापुढे सलग चार दिवस 'गैरहजर' पडले, तिच्या ओट्यावर एकदा जाऊन बसा. तिथे फीचा प्रश्न नसेल. कदाचित एखादी म्हैस असेल, पाळण्यातले पोर असेल. पण ते पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि कळल्याशिवाय ती मुलगी शाळेत परत येणार नाही.