कोको, कमाई आणि आठ वर्षं



आमच्या गटाची शेंगदाण्याची चिक्की आता तालुक्याच्या बाजारात जाते. मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याने निवडलेले दाणे स्वस्तात देऊ केले. बैठकीत सगळ्या खूश. तेवढ्यात एकीने विचारलं, "एवढे स्वस्त कसे? शेंगा फोडणाऱ्या बायांना मजुरी तरी काय मिळते?" सगळ्या गप्प झालो. तेव्हा आम्ही एक जुनी हकिकत सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतो.

कॅडबरी चॉकलेट आपल्या पोरांना माहीत आहे. ते घराणं इंग्लंडमधलं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. साधी राहणी, खरं बोलणं, दारूला विरोध ही या पंथाची शिकवण. जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमला दुकान काढलं. लोकांनी दारूऐवजी चहा, कॉफी, कोको प्यावा, ही त्यांची इच्छा. १८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी धंदा हाती घेतला. १८७९ मध्ये शहराबाहेर मोकळ्या जागेत कारखाना हलवला. कामगारांसाठी खेळाची मैदानं केली. पुढे जॉर्ज यांनी बागा असलेल्या घरांची वसाहत वसवली आणि १९०० मध्ये ती ट्रस्टच्या हवाली केली. पैसा आला, पण धर्म सुटला नाही, असंच कुणीही म्हणेल.

पण त्यांचा बराचसा कोको आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावरून यायचा. तिथे पोर्तुगालची सत्ता होती. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांना कळलं, की तिथला एक मळा विकायला काढलाय आणि विक्रीच्या यादीत जमिनीबरोबर मजुरांचीही किंमत धरली आहे. कागदावर ते करारावरचे मजूर, प्रत्यक्षात गुलाम. कंपनीने पोर्तुगालकडे विचारणा केली, १९०५ मध्ये चौकशीला माणूस पाठवला. इंग्लंडचं सरकारही थांबा म्हणत होतं. मात्र खरेदी चालूच राहिली. ती बंद झाली १९०९ मध्ये.

एका वर्तमानपत्राने त्यांना ढोंगी ठरवलं. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला आणि जिंकलाही. पण भरपाई मिळाली फक्त एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आपल्याकडची दमडीच म्हणा.

मैत्रिणींनो, ही माणसं लबाड नव्हती. मिळालेला पैसा त्यांनी चांगल्या कामाला लावला. पण पैसा कुठे जातो याइतकंच तो कुणाच्या घामातून येतो, हेही बघावं लागतं. आणि कळल्यावर उशीर करून चालत नाही. त्या आठ वर्षांत मळ्यावरच्या बाईचं आयुष्य थांबून राहिलं नव्हतं.

आमच्या बैठकीत ठरलं, दोघींनी जाऊन त्या बायांनाच मजुरी विचारायची. दाणे महाग पडले तर चिक्कीचा भाव वाढवायचा की आपला नफा कमी करायचा, ते पुढच्या बैठकीत बोलू. पण विचारायला मात्र याच आठवड्यात जायचं.