विहिरीतलं पेट्रोल आणि बीडचा खडक

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालात की थोड्याच अंतरावर खजाना बावडी लागते. सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी भुयारांतून, नुसत्या उताराने शेतांकडे जायचं. पंप नाही, मोट नाही. बांधणाऱ्यांना इथलं पाणी कुठून पाझरतं आणि कुठे जातं हे कळत होतं. आजचा विषय त्याच पाझराचा आहे, फक्त पाण्याऐवजी पेट्रोलच्या.

फेब्रुवारी २०२१. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातलं सासवड. (पुरंदरचं नाही, मीही आधी गोंधळलो होतो.) तिथून हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन जाते. चोरांनी ती फोडली. पेट्रोल शेतात पसरलं, पिकं करपली आणि विहिरींत पेट्रोल उतरलं. निदान ते लोकांच्या डोळ्यांना दिसलं, नाकाला कळलं. जमिनीखालची टाकी गंजून थेंब थेंब गळायला लागली, तर कुणाला कळणार?

आता एक हिशोब करू. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे लिटरमागे १० मिली, वजनाने साधारण पावणेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, कारण बेंझीनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो. भागाकार करा: एक लिटर पेट्रोल जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, आठवतंय? तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. हा कागदावरचा हिशोब आहे, मान्य. काही बेंझीन उडून जातं, काही जिवाणू खातात. पण अंदाज आला ना?

आणि नाकाचं म्हणाल, तर पाण्यात बेंझीनचा वास यायला लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम लागतं. मर्यादेच्या हजारपट! वास येईपर्यंत गाव कधीचं ते पाणी पीत असेल.

म्हणून निरीक्षण विहिरी. ही पद्धत नियमात नीट बसवली अमेरिकेने. तिथे जमिनीखाली इंधनाच्या वीस लाखांवर टाक्या होत्या, कित्येक साध्या लोखंडी. १९८४ मध्ये कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले. टाकीभोवती बारीक बोअर घ्यायचे. जाळीचा पाइप असा बसवायचा की पाण्याची पातळी जाळीच्या मध्ये येईल, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं. जाळी खोल बसवली तर तवंग वरच राहतो आणि तुम्ही खालचं चांगलं पाणी तपासत बसता. दर ३० दिवसांनी बघायचं. इंचाच्या आठव्या भागाइतका थर असला तरी सापडला पाहिजे. विरघळलेलं बेंझीन वेगळं तपासायचं. त्यासाठी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडासुद्धा नको, नाहीतर बेंझीन त्या हवेत निघून जातं.

पाणी कुठे वाहतंय हे कळायला किमान तीन बोअरमधली पातळी लागते. तीन बिंदू, एक प्रतल, उताराची दिशा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित, मी खूश!

पण खरी गंमत त्या नियमातल्या अटींत आहे. भूजल २० फुटांपेक्षा खोल असेल, किंवा जमिनीतून पाणी सहज वाहत नसेल, तर टाकीची गळती शोधायला ही पद्धत चालत नाही. म्हणजे ती उथळ पाण्याच्या, वाळूच्या जमिनीसाठी आहे. आपल्याकडे? काळा बेसाल्ट. पाणी मुरूम आणि खडकाच्या भेगांतून जातं. २० मीटरवरचा बोअर स्वच्छ आणि २०० मीटरवरची विहीर नासलेली, असं इथे होऊ शकतं. माझं तीन बिंदूंचं प्रतल भेगेला कळत नाही.

त्यात बीडचा उन्हाळा. पाणी खाली गेलं की तवंगही मागोमाग उतरतो आणि भेगांना चिकटतो. पावसाळ्यात पाणी वर येतं, पेट्रोल खालीच अडकतं, नमुना चांगला येतो. मे महिन्यात पुन्हा वास. त्यामुळे ऑक्टोबरचा एक चांगला रिपोर्ट घेऊन फाइल बंद करणं म्हणजे एकदाच टेस्ट चालवून कोड लाइव्ह करणं. मला तर ते पटत नाही. वर्षभर बघायला हवं, आणि आसपासच्या पिण्याच्या विहिरीही त्यात हव्यात.

आपल्याकडे मोजायची सवय नाही असं मुळीच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. दुष्काळी मुलखात आपला पहिला प्रश्न 'पाणी किती?' हाच असणार. आणि पेट्रोल पंपावर? तिथेही टाकीत मोजदांडी सोडून साठा बघतात, विक्रीशी ताळा घालतात. साठा सारखा कमी भरायला लागला, तर गळतीचा पहिला सुगावा तिथेच लागतो, बोअर घ्यायच्या कितीतरी आधी. पण पंपाची वही पंपावर राहते आणि विहिरीची नोंद भूजलवाल्यांकडे. पुढच्या वेळी गाडीत पेट्रोल भरताना टाकीची झाकणं कुठे आहेत बघा, आणि मग सगळ्यात जवळची विहीर किंवा हापसा शोधा. अंतर मला कमेंटमध्ये सांगा.