आजारी नसताना डॉक्टरकडे

परवा मावशीकडे गेलो होतो. दुबईला असलेल्या तिच्या मुलाने तिच्यासाठी ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज ठरवलं होतं. पैसे त्याने तिथूनच भरले आणि सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन उपाशीपोटी रक्त घेऊन गेला. मावशीचा प्रश्न एकच होता, “बाबा, मला काही होत नाही, मग दोतोर कशाला?” मी हसलो खरा, पण परतताना तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. धडधाकट माणसाने डॉक्टरकडे जावं आणि वर पैसेही मोजावेत, ही कल्पना आली कुठून?

आपल्या आजी-आजोबांना ती विचित्रच वाटली असती. पणजीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय सुरू झालं, पण घरात डॉक्टर यायचा तो कुणी अंथरूण धरल्यावर.

निरोगी माणसाला तपासण्याची गरज पडली ती विमा कंपन्यांना. हा माणूस लवकर तर मरणार नाही ना, हे पॉलिसी देण्याआधी त्यांना जाणून घ्यायचं असे. म्हणून कंपनी आपल्या खर्चाने डॉक्टर नेमायची. एलआयसीची मोठ्या रकमेची पॉलिसी घेताना ज्यांनी ‘मेडिकल’ दिली असेल, त्यांना हा प्रकार ठाऊक आहे. त्या तपासणीत शरीर आपलं असतं, पण काळजी कंपनीच्या पैशांची असते.

हीच तपासणी माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठी का करू नये, असा विचार लंडनच्या होरेस डोबेल या डॉक्टरने १८६१ साली मांडला. छातीच्या रोगांच्या इस्पितळात काम करताना त्याला दिसे की रोगी येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. लक्षणं दिसण्याआधीच ठरावीक काळाने प्रत्येकाला तपासावं, असं त्याचं म्हणणं. विचार चांगला, पण खर्च कोण करणार?

उत्तर अमेरिकेत मिळालं, आणि तेही विमा कंपनीकडूनच. १९१३ साली न्यूयॉर्कला ‘लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट’ निघाली. येल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर तिच्या संस्थापकांपैकी एक, तर माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट अध्यक्ष. मेट्रोपॉलिटन लाइफ ही विमा कंपनी आपल्या पॉलिसीधारकांची तिथे फुकट तपासणी करून देऊ लागली. हिशेब सरळ होता. माणूस जास्त जगला की हप्ते जास्त काळ येतात आणि विम्याची रक्कम उशिरा द्यावी लागते. तपासून घेणारे कमी मरतात, असं कंपनीला आढळलंही. पण तपासायला आपणहून कोण जातो? जो आधीच प्रकृती सांभाळतो तोच. मग श्रेय तपासणीचं, की त्या माणसाच्या सवयींचं?

पुढे १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांसाठी कैसर या आरोग्यसंस्थेच्या डॉ. मॉरिस कोलेन यांनी एकाच फेरीत अनेक चाचण्या घ्यायची पद्धत बसवली. रांगेत उभं राहायचं आणि एकेका टेबलापाशी एकेक तपासणी करून पुढे सरकायचं. आजच्या पॅकेजचा हा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की तिथे तपासणीमागे कामगार संघटना होती, इथे ज्याचं त्याने पाहायचं.

आपल्या सरकारनेही २०१२ च्या अर्थसंकल्पात प्रतिबंधक तपासणीच्या खर्चावर ५,००० रुपयांपर्यंत आयकर सवलत दिली. इस्पितळं आणि लॅबवाल्यांच्या जाहिरातींना आणखी एक ओळ मिळाली.

मात्र या सगळ्याने माणूस जास्त जगतो का? कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी त्या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, पहिल्यांदा २०१२ आणि पुन्हा २०१९ साली. दुसऱ्या आढाव्यात अडीच लाखांवर लोकांची माहिती होती. सरसकट चेकअप केल्याने एकूण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. हृदयरोग आणि कर्करोगाने होणारे मृत्यूही नाहीत.

म्हणजे तपासूच नये का? तसं मुळीच नाही. सरसकट सगळं तपासणं वेगळं आणि नेमकं हवं ते तपासणं वेगळं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. दर चार गोंयकारांत एक! ज्या रोगाची सुरुवात कळतही नाही, आणि वेळीच कळला तर जो ताब्यात ठेवता येतो, त्याच्यासाठी डोबेलचं म्हणणं आजही खरं आहे. साखर आणि रक्तदाब तपासायला मोठं पॅकेज लागत नाही. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

मावशीचा रिपोर्ट आला. पानंच्या पानं, आणि जागोजागी ठळक केलेले आकडे. फोनवर मुलगा घाबरला, इथे मावशी घाबरली. समजावून सांगणारं कुणी नव्हतं, कारण पॅकेजमध्ये डॉक्टरच नव्हता. शेवटी ते कागद घेऊन आम्ही गावातल्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सगळं चाळलं, एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, “बाकीचं राहूं द्या. ही तीन महिन्यांची सरासरी साखर तेवढी सांभाळा.”

पॅकेज ठरवण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. या तपासण्या माझ्या वयाला आणि घराण्यातल्या आजारांना धरून आहेत का? आणि रिपोर्ट आल्यावर तो मला समोर बसवून कोण समजावणार? दुसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर पैसे भरण्याची घाई नको.

मावशी आता चहा बिनसाखरेचा घेते. आणि दोतोर कशाला, हे विचारत नाही.