खरारा

आमच्या वैजापूर तालुक्यात आता घोडं दिसतं ते लग्नसराईत. मारुतीच्या पाराजवळ पांढरी घोडी येऊन उभी राहते. पाठीवर जरीची झूल, कपाळावर तुरा, पायात घुंगरू. डीजे वाजला की ती नाचते, पोरं मोबाइल वर धरतात, परण्या मांडवात पोचतो आणि घोडी टेम्पोत चढून पुढच्या गावाला निघून जाते. झूल सगळ्यांनी पाहिलेली असते. झुलीखालचं अंग कुणी पाहिलेलं नसतं.

जुन्या माणसांचं उलट होतं. घोडं समोर आणलं की पारावरून पहिला आवाज यायचा, "आधी झूल काढा." झूल निघाल्यावर पाठ कशी आहे, बरगड्या किती दिसतात, केस बसलेले आहेत का उभे, हे पाहूनच पुढचं बोलणं. घोडं कसं आहे यापेक्षा ते कुणाच्या हाताखाली आहे, हे त्यांना आधी पाहायचं असे.

आमच्या आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडे एक कुमेत घोडी होती. रोटेगाव स्टेशनला पाहुणा आणायला जायचं असो की गोदाकाठच्या गावी सोयरिकीला, तीच घोडी. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा बंद व्हायच्या; बैलगाडी रुतायची, घोडी निघून जायची. तालुका निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून, म्हणजे १९४८ च्या आधीपासून, आमच्या दारात कुठलं ना कुठलं घोडं बांधलेलं होतं.

आबांचा दिवस खराऱ्यानं सुरू व्हायचा. खरारा म्हणजे लोखंडी दातऱ्यांचं, मुठीत बसणारं साधन. सुरुवात डाव्या बाजूनं, मानेपासून. खरारा गोल गोल फिरवायचा, म्हणजे केसांच्या मुळातली माती, कोंडा आणि मेलेले केस वर येतात. गुडघ्याखाली आणि तोंडावर तो लावायचा नाही. तिथं हाडावर नुसती कातडी असते, घोडं चमकून लाथ मारतं. खरारा झाला की ब्रश, तो मात्र केसांच्या दिशेनं. मग वाळल्या गवताचा वळलेला बोळा जरा ओला करून मान, खांदे आणि पुठ्ठे जोर लावून चोळायचे. शेवटी सुती फडकं. घोड्याच्या कातडीत स्वतःचं तेल असतं, ते चोळण्यानं केसांवर पसरतं आणि अंगाला चकाकी येते. साबण लावून रोज धुतलं तर ते तेल निघून जातं आणि केस रुक्ष होतात.

"पोरा, ही चमक बाटलीत मिळत नसती," आबा म्हणायचे, "ती मनगटातून येती."

चमक हे त्यातलं अर्धंच काम. हात अंगभर फिरतो तेव्हा गोचीड सापडते, तंगाखाली घासलेलं कळतं, एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. पाठ लागायच्या आधी तिथली कातडी जरा सुजते. डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं. खरारा म्हणजे रोजची तपासणीच. घोडा का अडला, भाकरी का करपली, पानं का सडली, या कोड्याचं उत्तर आपल्याकडे शेंबड्या पोराला येतं: न फिरवल्यामुळे. आबा त्यात भर घालायचे, "आणि हात न फिरवल्यामुळं."

या हाताची किंमत आपल्या इतिहासाला माहीत होती. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडं सरकारच्या पागेतून मिळायचं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, या दोघांची गणती फौजेच्या मांडणीतच केलेली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला आलं की दाणा, वैरण, औषधं आणि घोड्यांसाठी गवतानं शाकारलेली घरं तयार ठेवायची, हेही बखर सांगते. दसऱ्याला लष्कर बाहेर पडायचं ते या चार महिन्यांच्या निगेवर.

महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र रयतेच्या काळजीसाठी नेहमी सांगितलं जातं. १६७० च्या दशकातलं ते पत्र घोडं पाळणाऱ्यानंही वाचावं. साठवलेला दाणा-वैरण आताच मन मानेल तसा उधळला तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा मतलब. गवताच्या गंजीजवळ चूल, आगटी पेटवू नका, जळता दिवा ठेवून झोपू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळेल, इतक्या बारकाव्यात ते उतरतं. ज्यानं स्वतः पागा सांभाळली त्यालाच हे सुचतं.

शिलेदाराचं तर सगळं घर घोड्यावर चालायचं. हजिरीला घोड्याचा रंग, खुणा लिहून घेतल्या जायच्या. दर वेळी तेच घोडं आणलंय का, हे ताडून पाहायचं. मरतुकडं तट्टू उभं करून पगार उचलणारे तेव्हाही होते. त्यातूनच 'खोगीरभरती' हा शब्द आपल्या बोलीत उरला असावा, असं मला वाटतं. आज मैदानात घोडं फिरवून नंबर काढतात. त्याचा पणजोबा ही हजिरी. फरक एवढाच की तिथं ढाल-फेटा मिळत नसे, वर्षाची भाकरी मिळत असे.

आमच्याकडच्या माणसांचं मैदान म्हणजे सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची जत्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार बसतो. नांदेडकडे माळेगावला खंडोबाची जत्रा, सोलापूरकडे अकलूजचा बाजार, तशी ही खानदेशची. घोडीला शिंगरू झालं आणि ते मोठं झालं की आबा आणि चुलते धुळे-दोंडाईचा वाटेनं ते तिकडं विकायला न्यायचे. तयारी दसऱ्यालाच सुरू व्हायची.

आधी पोट. भिजवलेले हरभरे, भुसा, लसूणघास, आणि थंडी पडली की उकडलेलं जवस. जवस कच्चं द्यायचं नाही, उकडूनच; त्यानं केसाला तुकतुकी येते. चंदी वाढवायची ती ओंजळी-ओंजळीनं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून बाजाराच्या आधी आठ दिवस घाईघाईनं चारून पोट भरवणाऱ्याचं घोडं पोटशुळानं लोळतं. मग खूर. दीड महिन्यानं नाल काढून खूर तासायचे, तळात अडकलेली माती आणि खडे रोज काढायचे. शेपटीचा गुंता खालून वर सोडवायचा, बोटांनी. वरून कंगवा ओढला तर केस तुटतात आणि शेपूट भरायला वर्षं जातात. रात्री अंगावर घोंगडं, म्हणजे थंडीनं केस वाढत नाहीत.

शेवटचा धडा उभं राहण्याचा. चार पाय चौकोनात, मान वर, कान पुढे. माणसांचा गलका, ढोल, शेजारचं खिंकाळणं, काही झालं तरी जागा सोडायची नाही. त्यासाठी चुलते शिंगराला बाजाराच्या दिवशी वैजापुरात आणून नुसतं उभं करायचे. झूल, गळपट्टा, घुंगरमाळ हे सगळं अगदी शेवटी, जत्रेच्या दिवशी.

घेणारेही पक्के असतात. ओठ उचलून दात पाहतात. अडीच वर्षांत दुधाचे दात पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग अंगावरचे भोवरे, गळ्याखालचा देवमण. पंचकल्याणीला वेगळा भाव. शेवटी कडक जमिनीवर दुडकी मारायला लावतात, कारण मऊ मातीत लंगडेपणा झाकला जातो. झाकणारेही असतातच. कानशीनं दात घासून वय लपवायचं, पाठीवरच्या जुन्या जखमेवर उगवलेले पांढरे केस रंगवायचे. रंग बोटाला लागतो. म्हणून जुना गिऱ्हाईक आधी ओलं फडकं मागायचा.

१९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. माणसाला सुकडी मिळत होती, जनावराला कडबा मिळत नव्हता. आबांनी घोडी विकायला काढली. त्या सकाळी त्यांनी रोजच्यासारखाच खरारा केला, बोळा चोळला, खूर साफ केले. झूल घातली नाही. व्यापाऱ्यानं बरगड्या मोजल्या, मग पाठीवरून हात फिरवला आणि तळहात पाहिला. धुळीचा कण नव्हता. तो म्हणाला, "बाबा, हिला खायला कमी पडलंय, पण हिच्यावर हात कमी पडला नाही." भाव त्यानं दुष्काळाचाच दिला. आबांनी मोरकीसकट घोडी त्याच्या हातात दिली आणि खरारा मात्र घरी ठेवला. त्यानंतर आमच्या दारात घोडं आलं नाही.

आता काळ जरा फिरतोय. दख्खनचं जुनं, काटक भीमथडी घोडं, ज्याच्यावर मराठी फौजा दूरवर गेल्या आणि ज्याच्या पाठीवर धनगर आजही संसार लादतात, त्याला २०२३-२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. जत्रेला जाण्याआधी रक्त तपासून ग्लँडर्स नसल्याचा दाखला लागतो, तो तर हवाच. तो रोग माणसालाही होतो. तरुण पोरं हौसेनं मारवाडी, काठेवाडी घोडी पाळतात. शाम्पू आलेत, चकाकीचे फवारे आलेत. पण ओलं फडकं फिरवणारा जाणता अजून एखादा भेटतो, आणि फवारा त्याच्यापुढं टिकत नाही.

सारंगखेड्याला अलीकडं गेलो होतो. भोंग्यावर घोड्याचं नाव पुकारलं, मालकाचं पुकारलं, गावाचं पुकारलं. लगाम धरून घोड्याबरोबर अनवाणी धावणाऱ्या मोतद्दाराचं नाव कुणी घेतलं नाही. मी त्याच्यापाशी जाऊन नाव विचारलं. त्यानं आधी घोड्याचंच सांगितलं.