बंड्या, पार्ले-जी आणि लाडवावरचा बेदाणा

आई पुण्याहून सिएटलला आली की तिच्या बॅगेत निम्मा खाऊ असतो. या खेपेला त्यात एक पुडा बंड्यासाठी होता. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. जन्म इथलाच, त्यामुळे स्वदेस वगैरे भानगड त्याला नाही. आईने पार्ले-जी पुढे केलं, त्याने हुंगलं, अलगद तोंडात धरलं आणि गादीवर नेऊन ठेवलं. दहा मिनिटं नुसता राखण करत बसला! मग खाल्लं.

आपल्याकडे टपरीवरच्या कुत्र्याला हे शिकवावं लागत नाही. पार्ल्यातल्या कारखान्यात १९३९ मध्ये बिस्किटं बनायला लागली. ती माणसांसाठी होती, पण चहात बुडवताना उरलेला तुकडा आपोआप खाली बसलेल्याकडे जातो. कुत्र्यासाठी वेगळं बिस्किट विकत आणायचं, ही कल्पनाच मुळी साहेबाची. खरं तर साहेबाचीही नाही, एका अमेरिकन विक्रेत्याची. जेम्स स्प्रॅट हा ओहायोचा गडी १८६० च्या सुमारास लंडनला विजेपासून वाचवणारे दांडे विकायला गेला होता. तिथे गोदीत खलाशांनी टाकलेली जहाजावरची टणक बिस्किटं कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. मग त्याने गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि वाळवलेलं मांस घालून कुत्र्यांचे 'केक' काढले आणि ते श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांना विकले. त्याच्याकडे चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगा नोकरीला होता. त्याने १८९१ मध्ये लंडनला स्वतःच्या नावाने कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं, ते 'क्रफ्ट्स' आजही भरतं. बंड्या एरवी जे मिल्क-बोन खातो ते मात्र न्यूयॉर्कच्या बेनेट बिस्किट कंपनीचं. १९३१ मध्ये ती कंपनी नबिस्कोने घेतली. म्हणजे बंड्याचं बिस्किट आणि आपलं पार्ले-जी लांबचे चुलतभाऊच म्हणायचे.

असो. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे झाली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर, आणि आईने प्रेमाने बंड्याला रव्याचा लाडू दिला. एक नव्हे, दोन. लाडवावर बेदाणे, आत पण बेदाणे. मी ओरडलोच. आईला कळेना की लाडू दिला यात बिघडलं काय! "अरे, आमच्या वाड्यातला मोती चहा-चपातीवर चौदा वर्षं जगला."

गाडी काढली, डॉक्टरकडे गेलो. त्यांनी उलटी करवली, दिवसभर सलाईन लावलं आणि रक्त तपासलं. मूत्रपिंडं वाचली. बिल मी आईला सांगितलेलं नाही.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घातक असतात, हे पशुवैद्यांनाही नीट कळलं २००१ मध्ये. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राकडे मूत्रपिंड निकामी झालेल्या कुत्र्यांचे फोन येत होते आणि नोंदी चाळताना द्राक्षं समोर आली. कारण सापडायला आणखी वीस वर्षं गेली. मुलांच्या खेळण्याच्या घरगुती मळलेल्या पिठात क्रीम ऑफ टार्टर असतं. ते खाऊन एका कुत्र्याला तसाच त्रास झाला आणि २०२१ मध्ये संशय टार्टारिक आम्लावर आला. हे आम्ल आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तोच त्रास झालेला आहे.

आई ऐकून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोतीला बेदाणा कोण देणार होतं? दिवाळीला आजी मोजून एकेक लावायची. आम्हालाच एक मिळायचा."

म्हणजे मोती वाचला तो चहा-चपातीमुळे नाही, महागाईमुळे! हे मी आईला बोललो नाही, कारण तिला आधीच खूप लागलं होतं. दोन दिवस ती बंड्याच्या जवळ जात नव्हती. तोच जाऊन तिच्या पायाशी बसायचा, निर्लज्ज.

आता बेदाण्यांचा डबा, चिंच आणि चॉकलेट वरच्या फळीवर आहे. आई रोज सकाळी ज्वारीच्या भाकरीचा कोर त्याला देते, मीठ न घालता केलेल्या भाकरीचा. पार्ले-जी रविवारी एक. ते तो अजूनही आधी गादीवर नेऊन ठेवतो.